भातखाचरातली भोकांची नळी

मित्रांनो, भाताच्या खाचरात प्लास्टिकची एखादी नळी उभी दिसली, तर ती कोणी फेकून दिलेली आहे असं समजू नका. ती मी आहे. आता जुनी झाले, उन्हाने रंग उडाला, पण कामाची आहे.

माझा जन्म साध्या पाण्याच्या पाइपातून झाला. एका घरच्या सूनबाईने हातभर तुकडा कापला, तापवलेल्या खिळ्याने त्याला भोकं पाडली आणि मला निम्मी चिखलात रोवून आतली माती काढली. खाचरात सतत पाणी साचून राहिलं, की मातीला हवा मिळत नाही. मग चिखलात मिथेन नावाचा वायू तयार होतो, बुडबुड्यांतून वर येतो आणि जगाची हवा तापवतो. म्हणून मधून मधून शेत सुकू द्यायचं. मातीतलं पाणी भोकांतून माझ्यात झिरपतं, म्हणून किती सुकू द्यायचं, ते माझ्यात डोकावून कळतं. पाणी जमिनीच्या वीतभर खाली गेलं, की पाट सोडायचा. काम एवढंसं, पण त्यावरून घरात केवढी वादावादी झाली!

सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, सगळं आयुष्य भाताला पाण्यात उभं ठेवण्यात गेलेलं. ते म्हणाले, एक हंगाम तुझ्या म्हणण्याने करू, मी मध्ये पडणार नाही. पण पीक गेलं, तर पुन्हा शेताच्या कारभारात बोलायचं नाही. सूनबाईने मान डोलावली. तिची सगळी भिस्त माझ्यावर होती. अभिमानाने माझी छाती फुगली असती, पण नळीला छाती कुठली?

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. सूनबाई रोज पट्टी बुडवून पाणी मोजायची, गाळ काढायची. मग तिचं बाळ आजारी पडलं आणि तिची धावपळ वाढली. ती येता-जाता नुसती डोकावू लागली. गाळ साचला, शेवाळ चढलं, माझी भोकं बुजली. बाहेरचं पाणी उतरत गेलं आणि माझ्यातलं बाटलीतल्यासारखं तसंच राहिलं.

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. ऐन तहानेचे दिवस, आणि ऊन तर मी म्हणत होतं. माती भेगाळली, पानांच्या सुरळ्या होऊ लागल्या. सूनबाई आली, भेगा पाहून चरकली, माझ्यात डोकावली. पाणी दिसलं.

"नळीत आहे की अजून," ती पुटपुटली आणि परत फिरली.

माझा जीव कासावीस झाला. थांब गं बाई, मी तुला फसवतेय, हे सांगायला मला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ती तशीच येऊन गेली.

आबा बांधावरून हे बघत होते. शब्द दिला होता, म्हणून खाली उतरत नव्हते. शेवटी त्यांना राहवेना. ते खाचरात उतरले, भेगेत बोटं घातली आणि मला एका हिसक्यात उपटलं. बुजलेली भोकं दिसताच त्यांनी धावत जाऊन पाट फोडला. मागून सूनबाई आली. तिने माझी बुजलेली भोकं पाहिली.

"चुकलं माझं, आबा. यापुढे तुम्ही म्हणाल तसं पाणी भरून ठेवू."

आबा काडीने माझं एकेक भोक मोकळं करत होते.

"गुपचूप रोप उपटून मुळं बघितली होती मी," ते म्हणाले. "एवढी पांढरी, दणकट मुळं या शेतात कधी बघितली नव्हती. शेत सुकवलंस ते बरोबर होतं. हिला धुवायचं तेवढं राहिलं."

उंचावरच्या कोपऱ्यातल्या लोंब्या पोकळ निघाल्या. त्या कापताना सूनबाईला रडू आवरलं नाही. बाकीचं पीक वाचलं. पुढच्या हंगामात आबांनी स्वतः खिळा तापवून दुसरी नळी केली आणि कुठे रोवू म्हणून सूनबाईला विचारलं.

मित्रांनो, हवा तापत चालली आहे. तिला आवर घालायला माझ्यासारख्या साध्या नळीचाही हातभार लागतो. पण मला रोवून विसरू नका. आधी धुवा, मग डोकावा. बुजलेली नळी भरलेलीच दिसते, आणि तिच्या शेजारी शेत तहानेने मरत असतं.