चौकटीतल्या मोरिता-सान

“स्टॅच्यू!” नुपूर ओरडली आणि खोलीतली सातही मुलं जागच्या जागी थिजली. पार्थ एका पायावर होता, तो लगेच कोसळला. “आऊट!” मग एकेक जण हसून आऊट झाला. शेवटी उरल्या मोरिता-सान. हातात अर्धवट घडी घातलेला कागद, मान किंचित कललेली. बाहेरून तोझाई लाइनची गाडी धडधडत गेली, खिडकीची काच थरथरली. त्यांची पापणी हलली नाही.

ही २००७ सालची गोष्ट. टोकियोत, निशी-कसाईला मुलाकडे राहत होते, तेव्हा दर रविवारी इमारतीच्या सामायिक खोलीत मी मुलांना मराठी शिकवत असे. शेजारच्या मोरिता-सानांची ओळख कचऱ्यावरून झाली. जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी मी प्लास्टिक ठेवलं आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या या बाईंनी ती पिशवी परत आणून दिली, वर वाकून नमस्कारही केला. पुढे त्या वर्गाला येऊ लागल्या. मुलांना कागदाचे पक्षी करायला शिकवायच्या आणि त्यांच्याच शेजारी बसून ‘अ आ इ’ गिरवायच्या.

“तुम्ही हलतच नाही. कसं काय?” पार्थने त्यांना जपानीत विचारलं. उत्तर नुपूरने मला मराठीत सांगितलं.

“त्या म्हणतात, ते त्यांचं काम होतं. लढाई संपल्यावर, थिएटरमध्ये. मोठ्ठी सोनेरी चौकट असायची, फोटोला असते तशी. पडदा बाजूला झाला की तिच्यात उभं राहायचं. हलायचं नाही. त्या... उघड्या.”

“चौकट उघडी?”

“नाही हो आजी! त्याच उघड्या. कपडे नाहीत.”

मी खडू खाली ठेवला. मुलांना मात्र वेगळीच काळजी.

“थंडी नाही वाजायची?”

“खूप वाजायची. आणि बघणारे सगळे ओव्हरकोट घालून बसलेले!”

मुलं खो-खो हसली. मोरिता-सानही हसल्या. मग माझ्याकडे बघत हळू आवाजात काही बोलल्या. नुपूर शब्द जुळवत म्हणाली, “घरी दोन लहान भाऊ होते, म्हणून. आणि त्या म्हणतात, चेहऱ्याकडे कुणी बघायचंच नाही. तेवढा चेहरा त्यांचा त्यांच्याकडे राहिला.”

चाळीस वर्षं मुलांना शिकवलेली मी, मला एवढंच सुचलं, “चला, वह्या काढा.”

बुधवारी नुपूरची आई, स्वप्ना, आली.

“काकू, रागावू नका. पण नुपूर घरी आरशासमोर चौकट-चौकट खेळतेय. चार आयांनी मला मेल केलेत, मुलांना पाठवणार नाही म्हणून. त्या बाई वाईट आहेत असं कुणीच म्हणत नाही. पण तुम्ही सांगा ना त्यांना.”

“साठ वर्षं झाली गं त्याला.”

“झाली ना? मग आता मुलांना सांगायचं कशाला?”

मुलांनी विचारलं म्हणून. विचारलं तर खरं सांगावं, हेच तर आपण त्यांना शिकवतो. एवढं मी बोलायला हवं होतं. पण वर्ग मोडेल या भीतीने मी मान डोलावली.

रविवारी वर्गाआधी नुपूरला घेऊन मी शेजारची बेल वाजवली. दार उघडलं. मोरिता-सान निघायच्याच तयारीत होत्या. राखाडी स्वेटर, हातात रंगीत कागदांची पिशवी.

“सांग त्यांना,” मी म्हटलं, “आजपासून वर्गाला येऊ नका म्हणावं.”

नुपूर माझ्याकडे बघत राहिली. “मला त्याचं जपानी येत नाही,” ती म्हणाली. माझ्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

सांगायची गरज उरलीच नव्हती. मोरिता-सान दाराच्या चौकटीत तशाच उभ्या होत्या. मान किंचित कललेली, नजर थेट माझ्या चेहऱ्यावर. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मी खाली पाहिलं, पदर उगाचच सारखा केला.

त्यांनी पिशवी नुपूरच्या हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

जिना उतरताना नुपूर पिशवी छातीशी धरून चालत होती.

“आजी,” ती म्हणाली, “तुम्ही आधी हललात.”