तक्रार नाही, साहेब

विधिमंडळाची समिती माजी सैनिकांच्या दवाखान्याची पाहणी करायला येणार हे कळलं, तेव्हा थोरल्या सिस्टरला देव पावल्यासारखं वाटलं. अशा दवाखान्यांना लिफ्ट, ऑक्सिजनची सोय आणि पुरेशी माणसं सरकारनं दिलीच पाहिजेत, असं सांगणारं विधेयक केव्हापासून भिजत पडलं होतं. समितीनं इथले हाल डोळ्यांनी पाहिले, तर ते पुढे सरकणार होतं. ‘सगळं ठीक आहे’ असा शेरा मारला, तर मात्र कायमचं बासनात जाणार होतं. आणि हालांना इथे काय तोटा? छत गळत होतं, लिफ्ट वर्षभर बंद होती, रुग्णांना उचलणारे दोन्ही वॉर्डबॉय कपातीत गेले होते.

सिस्टरचं चुकलं एवढंच, की तिनं ही बातमी वॉर्डात आधी सांगून टाकली.

ज्यांचं उभं आयुष्य पलटणीत गेलं, त्यांना पाहणी म्हटली की एकच गोष्ट ठाऊक. साहेबाला काही उणं दिसता कामा नये. मेजरांनी सूत्रं हाती घेतली. मेजर काही खरे मेजर नव्हते. ही बढती त्यांना मिशांनी दिली होती. पण त्यांचा शब्द खाली पडत नसे. पाहणीच्या सकाळी सिस्टर आली आणि दारातच थबकली. छतावरचे ओलीचे डाग चुन्याखाली गडप झाले होते. फरशीत तोंड दिसत होतं. लिफ्टचं दार तर असं लखलखत होतं, की ती बंद असेल अशी शंकासुद्धा कुणाला आली नसती.

“मेजर, अहो काय करून ठेवलंत हे?” सिस्टरनं कपाळाला हात लावला. “आहे तसं दिसायला हवं होतं त्यांना.”

“पाहणीला आहे तसं?” मेजरांनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की सिस्टरलाच ओशाळल्यासारखं झालं.

समिती आली. पुढे अध्यक्षा, आणि त्यांच्यामागे जाड चष्म्याचे एक आमदार. या खर्चाला ते पहिल्यापासून नाकं मुरडत होते. प्रत्येक खाटेशी एकेक म्हातारा ताठ उभा. ज्यांना पाय नव्हते, ते बसल्या जागी ताठ.

“काही तक्रार?” अध्यक्षा विचारत.

“तक्रार नाही, साहेब.” अध्यक्षा बाई होत्या, पण पाहणीला येतो तो साहेब, त्याला कोण काय करणार?

“इथं तर माझ्या घरापेक्षा टापटीप आहे,” चष्मेवाले आमदार म्हणाले. “कायदा कशाला हवा मग?”

“वरचा मजला पाहा ना,” सिस्टर घाईघाईनं म्हणाली. आमदारांनी लिफ्टचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

“बंद नाही, साहेब. विश्रांतीवर आहे,” मेजर म्हणाले. “आपल्याला जिना चढायला नको. वरची मंडळी खालीच येतायत.”

आणि जिन्यावरून दबक्या आवाजातली मोजणी ऐकू आली.

आधी एका हाताचा म्हातारा दिसला. खुर्चीचे पुढचे पाय त्यानं खांद्यावर घेतले होते. मागून खुर्चीची पाठ धरून होता एक लाकडी पायाचा. खुर्चीत तोफखाना, छातीवर पदकं लावून. घोरण्यावरून त्याला हे नाव पडलं होतं. तिसरा म्हातारा ऑक्सिजनचं नळकांडं तान्ह्या बाळासारखं कवटाळून उलटा उतरत होता. मोजणीवर पाऊल, मोजणीवर श्वास. कुणाचा तोल जात नव्हता. त्यांच्यामागे दुसरी खुर्ची होती, तिच्यामागे तिसरी. समिती भिंतीला चिकटून उभी राहिली.

वॉर्डबॉय गेल्यावर सिस्टरनं विचारलं होतं, वरच्यांना व्यायामाला खाली कोण आणतं? “व्यवस्था आहे, सिस्टर,” एवढंच उत्तर मिळालं होतं, आणि अडचणीतून सुटका झाल्याच्या आनंदात तिनं जास्त चौकशी केली नव्हती. ती व्यवस्था आज ती पहिल्यांदा पाहत होती. या माणसांना तिनं भरवलं होतं, पुसलं होतं, रागावलंही होतं. तरी ती त्यांना ओळखत नव्हती. तिला त्यांच्यापुढे अगदी लहान झाल्यासारखं वाटलं.

“आणि तक्रार नाही?” अध्यक्षांनी हलकेच विचारलं.

“नाही, साहेब.”

अध्यक्षा आवाज बदलून म्हणाल्या, “मेजर, एक तक्रार सांगा. हा हुकूम समजा.”

मेजरांच्या मिशा थरथरल्या. हुकूम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“गेल्या थंडीत आमचा एक सोबती वारला, साहेब. वरच्या मजल्यावर. कमरेखाली त्याला जीव नव्हता. एकदा तरी उभं राहायचं म्हणून वर्षानुवर्षं झटला, पण जमलं नाही. त्याला खाली आणताना जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना.” त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “आम्हाला त्याला उभं करावं लागलं. तेवढं बरोबर झालं नाही, साहेब.”

चष्मेवाले आमदार जिना चढून वळणापर्यंत गेले. तिथे दोन्ही हात पसरून पाहिले. हात पुरते पसरेनात. खाली आले तेव्हा त्यांनी चष्मा काढलेला होता.

“विधेयकात नुसतं ‘लिफ्ट’ असं लिहिलंय,” ते अध्यक्षांना म्हणाले. “ते पुरेसं नाही.”

त्याच अधिवेशनात कायदा झाला, एकाही विरोधी मताशिवाय. छापील प्रत दवाखान्यात आली, तेव्हा वॉर्डात मोठ्यानं वाचून दाखवायचं काम सिस्टरकडे आलं. सरकारी भाषेतली कोरडी कलमं ती वाचत गेली आणि एका ओळीशी आली: ‘प्रत्येक मजल्यावर जाणारी लिफ्ट असेल, आणि ती रुग्णास, जिवंत अथवा मृत, आडवे नेता येईल एवढी असेल.’

मेजरांनी तिला ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. ती वाचू लागली, तसे ते काठीविना उठून उभे राहिले, आणि मग ज्यांना ज्यांना उठता येत होतं ते सगळे.