तांबड्या शाईची चौकट

"ही चौकट तुम्ही काढलीत?" मुंबईहून आलेल्या साहेबांनी विचारलं.

"होय साहेब." भिकाजी लगबगीने पुढे झाले. साहेबांना चौकट आवडली असावी, असं बिचाऱ्यांना वाटलं. "चार कोपऱ्यांत चार कमळं. शाई हिंगूळ घोटून केलेली आहे, शंभर वर्षं उडायची नाही."

"आणि आत काय लिहिलंय, ठाऊक आहे?"

"ग्रंथाच्या आरंभी आहे, चौकटीत आहे. म्हणजे नमनच असणार."

कारखान्यातली कानस थांबली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आत लिहिलंय, की लेखी परवानगीशिवाय या पुस्तकाच्या कोणत्याही भागाची नक्कल करू नये."

तेरा प्रती भिकाजींनी केल्या होत्या, आणि तेराही प्रतींत ही मनाई अशी कमळांच्या मखरात बसवली होती!

भिकाजींचा सगळा जन्म मालवणात पोथ्या उतरवण्यात गेला. पुढे छापील पोथी घरोघर आली आणि हाताची पोथी कुणी मागेना. पंधरा वर्षं बोरू कोनाड्यात पडून होता. बायको यशोदा शेजारच्या घरी भात कांडून दिवस ढकलत होती आणि भिकाजी ओसरीवर बसून आपल्याच बोटांकडे बघत होते. हात धड असताना माणसाने निकामी व्हावं, याच्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

मग इंच गेले आणि मिलिमीटर आले. होड्यांना नवी इंजिनं बसू लागली, त्यांना जुने बोल्ट लागेनात. देशोदेशीच्या जाणत्यांनी एकत्र बसून बोल्टांच्या आट्यांची मापं ठरवली होती. त्या मापांचं इंग्रजी पुस्तक या किनाऱ्यावर एकच होतं, रविकांत मेस्त्रींच्या कारखान्यात. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे मेस्त्री मापांसाठी खेपा घालू लागले. तेव्हा रविकांतला भिकाजी आठवले, आणि पुस्तक उतरवायचं काम त्याने त्यांना दिलं. भिकाजींना इंग्रजीचा गंध नव्हता. रांगोळीचे ठिपके जुळवावेत तशी ती अक्षरं ते जुळवत, आणि आकडा कधी चुकला नाही. मेस्त्री तांदूळ-नारळ आणून देत, पायाही पडत. यशोदेने भात कांडायला जाणं सोडलं.

जामसंड्याचा बाळा मेस्त्री आपली प्रत घेऊन मुंबईला बोल्ट आणायला गेला, ती दुकानदाराने कुणाला तरी दाखवली आणि माग काढत पुस्तक छापणाऱ्या कचेरीचे हे साहेब इथवर आले. प्रती घेऊन सगळ्या मेस्त्र्यांना त्यांनी कारखान्यात बोलावलं होतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. समजुतीच्या सुरात म्हणाला, "स्वतःच्या अभ्यासासाठी स्वतः उतरवून घेतलं, तर कायद्याची हरकत नाही. दुसऱ्यांसाठी प्रती करून द्यायच्या, तर परवानगी पाहिजे."

रविकांतने तेवढ्यावर झडप घातली. "मगे झाला तर! भिकाजींनी अभ्यासासाठीच लिवल्यानी. तसा लिवन घेवा साहेब!"

साहेबांनी भिकाजींकडे पाहिलं. त्यांनाही सुटका हवीच होती. "करता का याचा अभ्यास?"

एका 'हो'ने काम भागणार होतं. बाळा मागून खुणा करत होता. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक काना पदरचा घातला नाही, त्याच्या तोंडून ते येईना.

"नाय साहेब," भिकाजींची कचेरीतली मराठी गळून पडली. "माका ह्यातला एक अक्षर कळना नाय."

"मग माझा नाइलाज आहे."

"परवानगी मागतंय मां! खय अर्ज करूचो तो सांगा. मुंबैक चलत येतंय!" त्यांनी एक प्रत साहेबांपुढे उघडली. "चूक दाखवा साहेब, एक चूक दाखवा."

"चूक नाही. म्हणून तर दुकानदाराने तुमची प्रत खरी मानली." साहेबांनी मान खाली घातली. "परवानगी मिळते, पण छापखान्याला. हाताने लिहिणाऱ्याला कोण देणार?"

पुन्हा नक्कल करणार नाही, असं हमीपत्र साहेबांनी मागितलं आणि ते भिकाजींनीच लिहिलं. एवढं सुरेख हमीपत्र साहेबांच्या दप्तरात दुसरं नसेल. तेव्हाच भिकाजींना समजलं, की आपल्या हातचं हे शेवटचं. यशोदा उद्यापासून पुन्हा मुसळ उचलणार.

साहेबांनी प्रती गोळा केल्या. मेस्त्र्यांनी मग मूळ छापील पुस्तक मधे ठेवलं आणि ज्याने त्याने स्वतःसाठी उतरवायला घेतलं. तेलकट बोटांत टाक ठरेना. बाळाचे तीन आणि आठ एकमेकांत मिसळले.

"भिकाजीनू, ह्यो तीन काय आठ?"

भिकाजींचा हात टाकाकडे गेला, आणि मागे आला.

"आठ," ते म्हणाले. मग दाराशी पोचलेल्या साहेबांना त्यांनी विचारलं, "कोऱ्या कागदाक रेघो मारल्यो तर चालात?"

साहेब दारातच वळले. "रेघांना हरकत नाही," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

भिकाजींनी बैठक मारली, कागद घेतले, पट्टी न लावता सरळ रेघा ओढल्या. पहिल्या कागदावर वर चौकट काढली, चार कोपऱ्यांत चार कमळं. मधली जागा कोरी ठेवून कागद बाळापुढे सरकवला.

"पयला नमन हयसर लिव," ते म्हणाले. आणि तांबड्या शाईत बुडवलेला बोरू त्याच्या तेलकट हातात दिला.