कुणाचा निरोप

करंगळीएवढी कुपी. फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे ठेवलेली, म्हणून काचेला आता बारीक घाम सुटला होता आणि साखराबाईच्या तळहातावर उतरत होता — की तो तिच्याच हाताचा होता? आत पाण्यासारखं काहीतरी. रंग नाही, वास नाही. वास असता तर बरं झालं असतं... तेल खवट झालं, दूध नासलं, जखम चिघळली, सगळं नाकाला आधी कळतं. याला काहीच नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

पलीकडे खाटेवर तिची नात, तेजश्री, डोळे मिटून पडली होती. सकाळी पाटोद्याच्या ज्या पार्लरात ती कामाला जायची, तिथल्या मालकीण मनिषा मॅडमनी तिच्या चेहऱ्यावरून बारीक सुयांचं यंत्र फिरवलं होतं, लहानपणच्या कांजण्यांचे वण बुजावेत म्हणून. गाल असे लाल झाले होते, जसे उसाच्या पाचटानं ओरबाडलेले हात. कुपीतलं निम्मं तिथंच लावलं. उरलेलं घरी, ऊन उतरल्यावर. सगळं फुकट. पार्लरात कामाला असलेल्या पोरीवर आधी करून बघायचं, मग गिऱ्हाइकांवर.

"तू काय बियाण्याचा नमुना हायस का गं?" साखराबाईनं आल्याआल्या विचारलं होतं. "हाय काय पर यात?"

"एक्झोसोम म्हणत्यात, आजे. आपल्या अंगात पेशी असत्यात का, त्या लई बारीक पिशव्या सोडत्यात. एकीचा निरोप दुसरीला. कातडीला निरोप जातो, नवी हो म्हणून."

"आन या कुणाच्या पेशी?"

"मी बी इचारलं. मॅडम म्हणली, कंपनीच्या." तेजश्री हसली, गाल दुखले तसं हसणं अर्ध्यात सोडलं. "कधी झाडाच्या असत्यात म्हणं, कधी माणसाच्या. बाळाच्या नाळेच्या, वारेच्या बी. या बाटलीवर काय लिहिलेलं न्हाई."

"मग लिहिलंय काय?"

"फक्त वरून लावायचं."

"तर मग सुया कावून टोचल्या?"

"आत जावं म्हणून."

तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नव्हता. वार... बाळामागून पडलेली, गरम, जड. तेजश्री कोपीत, पाचटाच्या झोपडीत जन्मली, उसाच्या फडाकडेला, आणि तिची वार मीच पुरली — कुणी बघायच्या आत, खोल, वर बाभळीचे काटे, काट्यांवर दगड. कुत्र्यानं उकरू नये, कुणाच्या हाती लागू नये. बाईच्या अंगातून आलेलं मातीशिवाय कुणाला द्यायचं नाही, असं सासूनं सांगितलेलं. आणि दुसऱ्याच दिवशी ऊसतोडीची टोळी हलली. बैलगाडी पुढं चाललेली, लेकरू मांडीवर, आणि मी मागंच बघत राहिले, दगड दिसेनासा होईपर्यंत... हलला तर नसेल ना?

मग या कुपीतलं कुणाचं? झाडाचं असेल तर बरं. पण बाईचं असेल तर कुठली बाई, तिला काय दुखणं होतं, तिला कुणी विचारलं तरी होतं का — आणि तिच्या अंगानं धाडलेला निरोप माझ्या पोरीच्या रक्तात काय सांगणार? कातडीला सांगितलं, वाढ. आणि ती वाढायची थांबलीच नाही तर? साखराबाई दुपारपासून सुनेला फोन लावत होती. मुलगा-सून उसाला गेलेले, फडात फोन लागत नव्हता. लागला असता तरी काय सांगणार होती? पोर माझ्यावर सोडून गेलात, आणि पोरीच्या तोंडाला...

मोरीत ओतून द्यावं. पडली म्हणावं हातातून. पण कॉलेजला जाताना, उन्हाळा नसताना, ढगाळ दिवशीसुद्धा ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळणारी तेजश्री तिनंच पाहिली होती. आणि खरं तर — वण बुजले तर? हे मनात आलं आणि साखराबाईला स्वतःचीच भीती वाटली.

"आजे, ऊन उतरलं बघ. तूच लाव. तुझा हात हलका हाय."

तिनं रबरी बूच काढलं. एक थेंब बोटावर घेतला आणि आधी स्वतःच्या गालाला लावला, डोळ्याखाली, सुरकुत्यांत. गार. ती थांबली, कान देऊन थांबावं तशी. काही झालं नाही. होणार तरी काय. इथं सुयांची भोकं नव्हती, निरोप दारातच राहणार. आणि तो गारवा गालावर वाळत असताना तिला वाटलं, कुठंतरी एखादी बाई लेकरू मांडीवर घेऊन मागं बघते आहे, आणि तिला दगड दिसत नाही, कारण तो कुणी ठेवलेलाच नाही.

"लावतीस ना गं?"

बोटावर दुसरा थेंब आला होता. खाली तो लाल, उघडा चेहरा. तेजश्रीचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. साखराबाईनं मागं वळून पाहिलं, तेव्हा बैलगाडीतून पाहिलं होतं तसं. मागं नुसती भिंत होती.