प्राचीच्या कपाळाची कड

मित्रांनो, मी एक जुना टूथब्रश आहे, आणि आजवर मी एकही दात घासलेला नाही. हे ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण माझी गोष्ट हसण्यासारखी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तळोज्याकडच्या एका कारखान्यात मी तयार झालो. लहान मुलांच्या हिरड्यांना टोचू नयेत म्हणून माझे दाते मुद्दाम मऊ ठेवले होते. पनवेलच्या बाजारात दिपिकाताईंनी मला घेतलं, गव्हाणला घरी नेलं आणि पाकीट फोडून सरळ केसांना लावायच्या जेलच्या डबीत बुडवलं. मी गांगरून गेलो. दिपिकाताई हळदीच्या कार्यक्रमांत नाचणाऱ्या मुलींचा ग्रुप चालवतात. घट्ट अंबाडा, त्यावर फुलं आणि कपाळावरून मागे चापून बसवलेले चकचकीत केस, ही त्यांच्या ग्रुपची ओळख. कपाळाच्या कडेला जे बारीक भुरभुरे केस असतात, ते चिकटवून बसवणं हे माझं काम.

माझं सगळ्यात लाडकं कपाळ होतं प्राचीचं. प्राची म्हणजे दिपिकाताईंची भाची, रोडपालीला राहणारी, आठवीतली. ती नाचायला उभी राहिली की मांडवातल्या बायका हातातलं ताट बाजूला ठेवायच्या. ग्रुपमधली मधली जागा तिची होती आणि त्या जागेवर तिचा फार जीव होता.

"दुखतंय गं आत्या, जरा सैल कर ना," ती सुरुवातीला म्हणायची.

"सैल केला तर दुसऱ्याच गाण्याला सुटंल. एक केस पुढं आला नाय पायजे," असं म्हणत दिपिकाताई रबराचा आणखी एक वेढा द्यायच्या. प्राचीच्या भुवया ताणून वर जायच्या. पुढे पुढे तिने तक्रार करणं सोडलं. उलट आरशात बघून तीच म्हणायची, "अजून थोडं ओढ."

लग्नसराईत कार्यक्रम एकाला एक लागून असायचे. अशा वेळी अंबाडा सोडायचाच नाही, अशी ग्रुपची रीत होती. मुली तो तसाच घेऊन झोपायच्या. सकाळी निसटलेल्या केसांवर पुन्हा जेल आणि पुन्हा मी. वाळून कडक झालेल्या थरावरून मला खरवडत नेलं की माझ्या दात्यांत केस अडकायचे. आधी ते अर्धवट तुटलेले असत. मग एक दिवस मुळासकट आले. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण ब्रशचं कोण ऐकतं? दिपिकाताईंनी ते केस बोटाने काढून टाकले आणि मला पुन्हा डबीत बुडवलं.

त्यांच्या आईचं, कमळाबाईंचं, मात्र लक्ष गेलं. त्यांनी नातीला दारातल्या उजेडात बसवलं.

"दिपे, पोरीचं कपाल मागं सरकलंय. कानाच्या वरती चामडी दिसतेय."

"घामानं झालंय गं आये. सीझन सरला का येतील केस."

दिपिकाताई वाईट नाहीत, मित्रांनो. भाचीचं कौतुक झालं की त्यांचा ऊर भरून यायचा. पण सीझन सरला, केस आले नाहीत. मग त्या उघड्या जागेवर काजळ लावायचं ठरलं, आणि तेही माझ्याच दात्यांनी. लांबून काही कळायचं नाही. टाळ्या तशाच पडायच्या.

शेवटी प्राचीच्या आईने तिला खारघरच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथून दोघी थेट गव्हाणला आल्या. पुढचे थोडे केस येतील, पण कानाच्या वरची मुळं सतत ओढल्याने मेली आहेत, तिथे आता उगवणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. प्राची रडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग मधल्या जागेवर आता कोण?"

"मी काय मुद्दाम केलं का?" दिपिकाताई म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, प्राचीचंही आणि त्यांचंही.

ग्रुप काही बंद पडला नाही. दिपिकाताईंची धाकटी लेक हेतल पहिल्यांदा नाचायला निघाली, तेव्हा सवयीने त्यांचा हात जेलच्या डबीकडे गेला. प्राचीने त्यांच्या हातातून मला काढून घेतलं. आधी मला स्वच्छ धुतलं. मग नुसत्या पाण्यात भिजवून, खोबरेल तेलाचा एखादा थेंब लावून हेतलच्या कपाळावरून हलकेच फिरवलं, केस वाढतात त्याच दिशेने. मागे सैलसर वेणी घातली, आणि कार्यक्रम झाल्याबरोबर ती सोडायची असं बजावलं. कपाळावरचे बारीक केस थोड्या वेळाने पुन्हा मोकळे झाले.

"आई, पुढचे केस उडतात बघ," हेतल कुरकुरली.

दिपिकाताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग प्राचीच्या कानाच्या वर पाहिलं.

"उडू दे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, केस बांधताना दुखलं तर गप्प बसू नका. आणि कुणी दुखतंय म्हणालं तर तिथेच हात थांबवा. प्राची आता रोज मलाच वापरते. कानाच्या वरच्या त्या जागी आली की ती मला अलगद नेते. तिथे विंचरायला काहीच नाही, तरी ती विंचरते.