पडदे ओढायची पाळी

"लोलो, फलकावरचा मजकूर ऐकून घ्या. दुपारी रंगारी अक्षरं काढणार आहे," दुरुस्तीच्या कामावरच्या ग्रेशियाबाई म्हणाल्या आणि वाचू लागल्या. दीपगृह कधी बांधलं, भिंग कुठल्या बोटीनं आलं. सगळ्यांचा 'लोलो', म्हणजे आजोबा, तेर्सो मान डोलावत होता. जुन्या रखवालदारांपैकी बेटावर तोच एकटा उरला होता. मग आलं, "सहायक एल्पिदियो यांच्या हलगर्जीपणामुळे लागलेल्या आगीत मूळ भिंग तडकले."

"बरोबर ना?"

"आलोच," म्हणून तेर्सो उठला.

सकाळी दिवा मालवला की भिंगाभोवतीचे पडदे ओढायचेच; नाहीतर ऊन त्यातून एकवटून समोरचं काहीही पेटवतं. आग लागली त्या रविवारी पाळी तेर्सोची होती. पण पलीकडच्या गावात कोंबड्यांची झुंज होती, आणि हा पठ्ठ्या पडदे तसेच ठेवून होडीत बसला! चौकशीला साहेब आले तेव्हा छातीठोकपणे म्हणाला, "जाताना एल्पिदियोला बजावलं होतं." मुख्य रखवालदाराचा शब्द, कोण मोडणार? आठवड्याभरात एल्पिदियोची नोकरी गेली आणि त्याचं बिऱ्हाड दीपगृहाबाहेर पडलं. तेर्सो मात्र हारतुरे घेऊन निवृत्त झाला. त्या हारांची त्याला अजून शरम वाटे.

कामगारांचा भात रांधणारी लुमेन एल्पिदियोचीच मुलगी. शेजारी तिची म्हातारी आई मासे साफ करत होती. तेर्सो चुलीपुढे जाऊन उभा राहिला.

"लुमेन, तुझ्या बापाची काही चूक नव्हती गं. पाळी माझी होती. मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. खोटं बोललो मी."

लुमेनचा डाव हातातच राहिला. "सांगितलंच नव्हतं?"

"नाही."

"आणि बाबा मरेपर्यंत म्हणायचे, तेर्सो खोटं कशाला बोलेल? मीच विसरलो असणार. काका, त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला हो! पुन्हा आग लागेल म्हणून घरात कधी चूल पेटवली नाही त्यांनी. आम्ही हसायचो त्यांना."

एल्पिदियो आपल्याला शिव्या घालत मेला असेल, असं तेर्सो धरून चालला होता. शिव्या परवडल्या असत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"माफ कर, पोरी. फलक बदलायला लावतो मी."

"ते लावाच. आधी आईला सांगा."

तेर्सो म्हातारीपुढे उकिडवा बसला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊ लागला. लुमेननं त्याचा खांदा धरून मागे ओढला.

"कानात नाही. मोठ्यानं सांगा. ऐकू येत नाही तिला."

तेर्सो ओरडून बोलला. मनोऱ्यावरच्या हातोड्या थांबल्या. कामगार वाकून खाली पाहू लागले. म्हातारीनं हातातला मासा खाली ठेवला आणि कानामागे तळवा धरला.

"काय म्हणालास रे? पुन्हा सांग."