दोनदा दाबा

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर फार दिवस दिले गेले नाही. ते पत्र माझ्यापासून हातभर अंतरावर, मोटारीच्या पुढच्या खणात, काच पुसायच्या फडक्याखाली पडून होते. आले होते ते मोटारीच्या मालकांना, आजोबांना. पण त्यातली निम्मी चौकशी माझी होती.

मी एका जुन्या मोटारीच्या ब्रेकचे पेडल आहे. लोखंडाची पट्टी कापून, वाकवून, तोंडावर खाचांचे रबर चढवून मला घडवले. पायाचा दाब माझ्यापुढच्या नळकांड्यात पोचवायचा, एवढेच माझे काम. तिथले तेल तो दाब चारही चाकांपर्यंत नेते आणि गाडी थांबते. आजोबांच्या लेकीला परीक्षेला नेताना मी होते, पुढे तिच्या तान्ह्या मुलीला, म्हणजे चिमीला, दवाखान्यातून घरी आणतानाही होते. लोक कौतुक करायचे ते इंजिनाचे आणि हॉर्नचे. गाडी वेळेवर थांबली म्हणून कुणी शाबासकी दिल्याचे मला आठवत नाही.

वर्षे गेली. नळकांड्यातल्या रबरी वॉशरच्या कडा झिजल्या आणि तेल त्यांना चुकवून मागे पळू लागले. पाय ठेवला की मी खाली खाली जायचे, पार तळाला टेकायचे. लगेच पुन्हा दाबले की मात्र घट्ट उभी राहायचे. शहाण्या माणसाने यावर गाडी उघडून बघितली असती. आमच्या घराने त्याची रीत करून टाकली. गाडीची किल्ली जावयाच्या हातात देतानाही आजोबा हसून सांगत, "दोनदा दाबायचं हं! पहिल्या हाकेला ओ देत नाही ती. मानी आहे."

मी मानी नव्हते, मित्रांनो. मी आजारी होते.

मग एकदा शाळेच्या उतारावर, वळण घेताना, दोनदा दाबायला वेळच उरला नाही. गाडी फाटकाच्या खांबावर आदळली. शेजारी बसलेल्या चिमीचा ओठ फाटला आणि पुढचा दात तुटला. दुधाचा नव्हे, नवा आलेला, पुन्हा न येणारा. आजोबा ज्याला त्याला सांगत राहिले, "कुत्रं आडवं आलं हो!" मी तिथेच होते. कुत्रे नव्हते.

नंतर काय दुरुस्त झाले? बॉनेट. ते ठोकून सरळ केले, वर चकचकीत रंग दिला. गॅरेजच्या मिस्त्रीने ब्रेकही पाहिला, नाही असे नाही. पण गॅरेजात शिरताना आजोबांनी सवयीने मला दोनदा दाबले होते आणि मिस्त्रीनेही वरून दणकन पाय मारला. "दगडासारखा आहे की ब्रेक, काका! तेल पुरेसं आहे, चाकं कोरडी आहेत, कुठं गळती नाही." आजोबांचा चेहरा उजळला. त्यांना हेच तर ऐकायचे होते.

त्यानंतर लेकीचे पत्र आले. फोनवर वडील विषय बदलतात, म्हणून तिने लिहूनच कळवले होते. "आप्पा, गाडी नव्यासारखी दिसते म्हणे. ब्रेकचं काय केलंत? आणि चिमी म्हणते, कुत्रं आलंच नव्हतं. दोन्हींचं उत्तर आल्याशिवाय सुट्टीत तिला पाठवणार नाही."

आजोबा रुसले. "मला विचारते! गाडी चालवायला हिला मी शिकवलं!" असे स्टिअरिंगलाच सांगून त्यांनी पत्र खणात कोंबले. सुट्टी लागली. चिमी आली नाही. आजीने तिच्यासाठी शिवलेला फ्रॉक खुंटीवर तसाच राहिला.

एके दिवशी आजी अंगणात आली, म्हणाली, "सरका. मला बसू द्या तिथं."

"तुला कुठं येतं चालवायला?"

"चालवायची नाहीये मला."

जन्मभर पायाचे शिवणयंत्र चालवलेली बाई. तिने मला हलकेच दाबले आणि तसेच धरून ठेवले. मी हळूहळू बुडू लागले.

"अहो, हे तर खाली चाललंय."

"दोनदा दाब ना."

"का म्हणून? चिमीला दोन तोंडं होती फोडून घ्यायला?"

आजोबा फोन करायला घरात गेले.

मिस्त्रीला घरी बोलावले. त्याने सवयीने पाय उचलताच आजी ओरडली, "दणका नको! हळू दाबा अन् तस्संच धरा."

त्याने धरले. मी बुडाले. तो ओशाळला. "बाहेर थेंब नाही, म्हणजे आतल्या आत मागे पळतंय तेल. नळकांडंच गेलंय, काका."

दुसऱ्या दिवशी नवे नळकांडे बसले. मग मिस्त्री एकेका चाकाशी आडवा होऊन ओरडत होता, "दाबा! धरा! आता सोडा!" आणि आजी माझ्यावर पाय ठेवून तसे करत होती. नळीतून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे निघत होते. ते थांबले तेव्हा मी पहिल्या दाबाला, वरच्या वर, घट्ट उभी राहिले. आजोबांच्या तळहातावर जुना वॉशर होता, कडा कुरतडल्यासारख्या झालेला. "एवढंसं?" ते म्हणाले.

मित्रांनो, दुखणाऱ्या वस्तूला सांभाळून घेणे म्हणजे तिची काळजी घेणे नव्हे. खोड तुमच्या अंगवळणी पडली म्हणून ती बरी होत नाही. आणि दाखवायला नेताना तिला नटवून नेऊ नका. आहे तशी दाखवा.

आजोबांनी माझ्याच समोर बसून, मांडीवर कागद धरून उत्तर लिहिले. "कुत्रं नव्हतं. ब्रेक आज दुरुस्त झाला. तुझ्या आईने खात्री केली आहे." पत्रपेटीपाशी त्यांनी मला एकदाच दाबले. गाडी थांबली, तरी त्यांचा पाय सवयीने दुसऱ्यांदा उचलला गेला आणि हवेतच राहिला.

ते उतरले. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज मला ऐकू आला. समोरून पाठीवर दप्तरे घेतलेली मुले चालली होती. सुट्टी कालच संपली होती.